चौथ्या ठिकाणचे पाणी

१२ डिसेंबर ते २८ जानेवारी या काळात मान्हे खाडीतल्या चौथ्या ठिकाणाहून चौदा वेळा पाणी आणले गेले. त्यांपैकी अकरा वेळा त्या पाण्यातल्या सूक्ष्म तरंगत्या वनस्पतींनी, म्हणजे वनस्पती-प्लवकांनी, निळा प्रकाश ४४० नॅनोमीटरऐवजी ४१५ नॅनोमीटरला सर्वाधिक शोषला. त्याच वेळी, त्याच जागी समुद्रात बुडवलेल्या मापकाने पाण्याचा सामू ८.१ दाखवला, म्हणजे खाडीचा नेहमीचाच. उरलेल्या पाच ठिकाणी असे एकदाही घडले नाही.

२९ जानेवारीला सकाळी थाक फान्सुने ओल्या गिमचा एक भारा मो यॉन्सुकच्या टेबलावर आदळला. खाडीत जाळ्यांवर पिकवल्या जाणाऱ्या त्या काळ्या-जांभळ्या शेवाळातून पाणी निथळून नोंदवहीकडे सरकू लागले. यॉन्सुकने नोंदवही उचलली, भारा तसाच राहू दिला.

"बघा नीट. मेलेलं दिसतंय का?"

"टेबलावर पाणी सांडतंय, अध्यक्षसाहेब."

"सांडू दे. माझ्याच जाळ्यांतलं आहे. तुमच्या मते ते अ‍ॅसिड. मग टेबल जळायला पाहिजे. जळतंय का?"

फान्सु हा खाडीच्या पश्चिमेकडच्या गावातल्या मच्छीमार मंडळाचा अध्यक्ष होता. बासष्ट घरांची गिमची जाळी त्याच्या मंडळाच्या एकाच परवान्यावर उभी होती, आणि त्या परवान्याचे नूतनीकरण २ फेब्रुवारीच्या बैठकीत व्हायचे होते किंवा व्हायचे नव्हते. ते कशावर अवलंबून आहे हे जिल्हा कचेरीने लेखी कळवले होते. सागरी संशोधन केंद्राच्या अंतिम अहवालावर, म्हणजे यॉन्सुकच्या सहीवर.

"माझ्या टिपणात तुमचं नाव नाही," ती म्हणाली.

"नाव कशाला लागतंय? चौथं ठिकाण माझ्या जाळ्यांपासून दोनशे हातांवर. माणसाच्या घराचा पत्ता लिहायचा, वर म्हणायचं, नाव कुठं लिहिलंय!" त्याने भाऱ्यातली एक पात ओढून तिच्यासमोर धरली. "दोन जानेवारीला तुमचा कागद कचेरीत गेला. तेव्हापासून तिथले कारकून मला बघून नाकाला रुमाल लावतात. आणि कागदाला पाणी पुरवतो कोण? तो मा गिल्दो! माझा सख्खा मेव्हणा. माझं वाटोळं झालं तर गावजेवण घालील असा माणूस."

"पाणी कोणीही आणलं तरी यंत्र तेच दाखवतं."

"हेच बोललात, बाई. हेच लक्षात ठेवा," फान्सु म्हणाला, आणि भारा टेबलावर सोडून निघून गेला.

यॉन्सुकने टिपणात लिहिलेले वाक्य अचूक होते, आणि तिला त्याचा पश्चात्ताप नव्हता. 'चौथ्या ठिकाणच्या नमुन्यांतील शोषणाचा आलेख तीव्र आम्लाच्या संपर्कात आलेल्या हरितद्रव्यासारखा आहे.' निरोगी हरितद्रव्याच्या आलेखाला दोन सुळके असतात, एक निळ्या प्रकाशात, एक तांबड्यात. आम्ल लागले की हरितद्रव्याच्या मधोमध बसलेले मॅग्नेशियम निसटते. तांबड्यातला सुळका खुजा होतो आणि निळ्यातला ४१५ कडे सरकतो. मुळ्याचा पाला किमचीत मुरला की त्याचा हिरवा रंग ज्या कारणाने मळकट होतो, तेच हे कारण. यात मताचा प्रश्न नव्हता.

मताचा प्रश्न पुढे सुरू होत होता. बंदी असलेले हायड्रोक्लोरिक आम्ल जाळ्यांवर मारले की गिमवरचे हिरवे किटण तासाभरात जळून जाते. परवानगी असलेल्या सौम्य आम्लाला त्याच कामाला दोन दिवस लागतात. तरीही ते तीव्र आम्ल आपण वापरत नाही, असे दोन्ही काठांवरची गावे शपथेवर सांगत. समोरचे गाव वापरते, हेही शपथेवरच सांगत.

दुपारी केंद्रप्रमुख ह्यॉन तिच्या खोलीत आले. टेबल अजून ओलेच होते. ते बसले नाहीत.

"मो डॉक्टर, अहवाल?"

"झालेला नाही."

"एका महिन्यापूर्वी तुम्हीच आम्ल म्हणालात."

"आम्ल सापडलंय. ते कुठून आलं ते सापडलेलं नाही."

"तुम्हाला तारखा वाचता येतात ना?" त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "चौदापैकी तीन दिवस प्लवक ठणठणीत. वीस डिसेंबर. पश्चिमेच्या गावात मयत, एकही बोट पाण्यावर नाही. नऊ जानेवारी. अख्खं गाव तुमच्याविरुद्ध घोषणा द्यायला जिल्ह्याला गेलेलं. एकवीस जानेवारी. चांद्र नववर्षाची आदली संध्याकाळ, सगळे घरी पोळे तळत बसलेले. गाव नाही, तर आम्ल नाही. गाव आहे, तर आम्ल आहे. अजून काय पाहिजे तुम्हाला? हातात डबा घेतलेल्या फान्सुचा फोटो?"

"तोही चालेल."

"दोन तारखेला मला कोऱ्या कागदानं तोंड दाखवायला लावू नका. पुढच्या वर्षी या प्रयोगशाळेत कोण बसणार तेही मीच ठरवतो."

ते गेल्यावर तिने त्या तीन तारखांकडे बराच वेळ पाहिले. युक्तिवाद बिनतोड होता. बिनतोड युक्तिवादांविषयी यॉन्सुकला जुना संशय होता. तिच्या अनुभवात ते बहुधा एखादी साधी गोष्ट न मोजल्यामुळे बिनतोड राहिलेले असत.

तिने काय मोजले नव्हते याचा ती शोध घेऊ लागली. पाण्याचे डबे केंद्रात आले की ती प्रत्येक डब्यातले पाणी काचतंतूंच्या पांढऱ्या चकतीवर गाळी. चकतीवर उरलेला तपकिरी ठिपका यंत्रात प्रकाशासमोर धरी, मग मिथेनॉलने त्याचा रंग धुऊन तीच चकती पुन्हा मोजी. दोन आलेखांतला फरक म्हणजे प्लवकांनी खाल्लेला प्रकाश. हे काम पाणी आल्यापासून चार तासांत उरकावे लागे, म्हणून या हंगामात ती एकदाही बोटीवर गेली नव्हती. पाणी आणण्याचे काम तीन वर्षांपासून पूर्वेच्या गावातला कप्तान मा गिल्दो करत होता. सामू समुद्रातच मोजला जाई, गिल्दो आकडा लिहून आणी. डब्यातल्या पाण्याचा सामू मोजायचे काही कारण नव्हते. म्हणून तो कोणी मोजला नव्हता.

२८ तारखेच्या चौथ्या डब्याच्या तळाशी तीनशे मिलिलिटर पाणी शिल्लक होते. तिने डबा शीतकपाटातून काढला आणि मापक आत सोडले.

१.८.

तिने मापक धुतले, प्रमाण द्रावणात तपासले, पुन्हा सोडले. १.८. मग उरलेल्या पाच डब्यांच्या तळाशी सोडले. ८.१, ८.०, ८.१, ८.१, ८.१.

समुद्र हा आम्ल मुकाट्याने पिऊन टाकणारा प्राणी आहे. त्याला १.८ पर्यंत आणायला काय लागेल याचा हिशेब तिने नोंदवहीच्या ओल्या पानावर केला. शंभर मीटर लांब, शंभर रुंद आणि केवळ दोन खोल असा खाडीचा तुकडा घेतला तरी बाजारातल्या तीव्र आम्लाचे वीस लिटरचे दोन हजार डबे हवेत. तेही अकरा वेळा. दर वेळी पाणी घेण्याच्या क्षणापुरते, आणि शेजारी बुडवलेल्या मापकाला कळू न देता. बासष्ट घरांनी दुसरे काहीच केले नसते तरी हे जमले नसते.

मग आम्ल समुद्रात नव्हते, डब्यात होते. ते तिच्या प्रयोगशाळेतही पडलेले नव्हते, कारण तळाशी उरलेले पाणी तिच्या कुठल्याच काचेला लागले नव्हते. ते डब्यातून बाहेरच आले नव्हते. ते डब्याबरोबर आले होते. डबा मा गिल्दोच्या हातातून आला होता, आणि मा गिल्दो फान्सुच्या वाटोळ्यावर गावजेवण घालणार होता.

ही कल्पनाही बिनतोड होती. तिने तिच्यावरही सही केली नाही.

३१ जानेवारीला सकाळी ती मान्हे बेटाच्या पूर्वेकडच्या धक्क्यावर उभी राहिली. हातात प्रयोगशाळेत धुतलेल्या, स्वतःच्या दोन बाटल्या होत्या. गिल्दोने तिला पाहिले आणि दोर सोडायचे थांबवले.

"डॉक्टर स्वतः? माझ्यावरचा विश्वास उडाला वाटतं."

"विश्वास हा माझ्या कामाचा भाग नाही, कप्तान."

"कळतंय. माझ्या हातच्या पाण्यानं त्या फान्सुचं पितळ उघडं पडलं, तर माझीच झडती." तो पचकन थुंकला. "भावोजी म्हणून कधी एका शब्दानं दुखावलं नाही मी त्यांना."

"परवा त्यांनी तुम्हाला मेव्हणा म्हटलं."

"शिवी म्हणून?"

"हो."

"मग ठीक आहे," गिल्दो म्हणाला. "बसा. कठड्याला धरून. पडलात तर काढायला वाकणार नाही मी, कंबर धरलीय."

सहा पांढरे डबे, दोन-दोन लिटरचे, प्लास्टिकच्या जाळीत रांगेने ठेवलेले होते. केबिनच्या भिंतीवर तिचाच नऊ नियमांचा कागद प्लास्टिकमध्ये मढवून टांगलेला होता. पहिल्या ठिकाणी गिल्दोने डबा वजन बांधलेल्या काठीने खाली सोडला, भरला, हलवला, ओतला, पुन्हा भरला, ओतला, तिसऱ्यांदाही. मग चौथ्यांदा भरून झाकण घट्ट केले. नियम तिसरा. दुसऱ्या ठिकाणीही तसेच. तिसऱ्याही. यॉन्सुक त्याच्या बोटांकडे पाहत राहिली. त्या बोटांनी काही मिसळायचे ठरवले असते तर ते तिच्यादेखत मिसळायला लागले असते, आणि त्यांनी काहीही मिसळले नाही. मापकाने ८.१ दाखवले, त्याने ८.१ लिहिले.

चौथ्या ठिकाणाकडे वळताना त्याने इंजिन मंद केले नाही. जाळ्यांच्या बांबूंमधून दोन बोटी आधीच बाहेर पडत होत्या.

"मेव्हण्या!" पहिल्या बोटीच्या पुढच्या टोकावर फान्सु उभा होता. "आज बाईला पुढं घालून आलास? तुझं स्वतःचं तोंड पुरेना काय?"

"भावोजी, नमस्कार! ताई बरी आहे ना? मागच्या खेपेला नेम चुकला तुमचा. तीस वर्षं झाली संसाराला, पण ताईनं काही शिकवलेलं दिसत नाही!"

"तुझ्या ताईनंच वेचून दिलेत हे!"

कालवांच्या शिंपल्यांचा पहिला मारा बोटीच्या अलीकडे पाण्यात पडला. दुसरा केबिनवर वाजला. त्यात जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्याही होत्या. शिंपले फुटत आणि गोळ्या उड्या मारत फळ्यांवरून घरंगळत. यॉन्सुकने वाकून आपली एक बाटली पाण्यात बुडवली. तिच्या बाजूलाच गिल्दोने चौथा डबा एका झटक्यात भरला, झाकण लावले, मापक बुडवून वर काढले आणि सुकाणूकडे धावला. एक शिंपला तिच्या मनगटाच्या मागच्या बाजूला लागला. तिथून रक्त आले.

"तीनदा खंगाळायचं असतं," ती ओरडली.

"इथं? तुम्ही खंगाळा, मी दगड मोजतो!"

"दर वेळी असंच करता?"

"पूर्वेची बोट दिसली की दर वेळी असंच स्वागत होतं!" बोट बांबूंपासून दूर गेल्यावर त्याचा आवाज खाली आला. "मयताच्या दिवशी तेवढं नव्हतं कोणी. आणि ते मोर्चा घेऊन गेले तेव्हा. नववर्षाच्या आदल्या दिवशीही. तेव्हा तुमच्या कागदाप्रमाणं तीनदा खंगाळलं, वर एक सिगारेट ओढली. माणसासारखं काम केलं."

यॉन्सुकने मनगटावर रुमाल बांधला. मयत, मोर्चा, नववर्ष. ह्यॉन यांच्या कागदावरच्या तीन तारखा तिच्यापुढे पुन्हा, त्याच क्रमाने उभ्या राहिल्या. फक्त त्यांचा अर्थ आता वेगळा होता.

पाचव्या ठिकाणी गिल्दोने डबा उचलला.

"थांबा. इकडे द्या."

तिने झाकण फिरवले आणि रिकाम्या डब्यात नाक घातले. लगेच मागे घेतले. डोळ्यांत पाणी आले. डबा कोरडा दिसत होता. तिरपा केल्यावर तळाच्या कडेला चमचाभर द्रव पिवळट चमकला. डबा उघडायचा तो नेहमी भर वाऱ्यात, काठीच्या टोकाला बांधून. तिथे कोणाच्या नाकाला काय कळणार?

"हा न खंगाळता भरा," ती म्हणाली.

"नियम तिसरा काय म्हणतो? वाचलाय मी."

"नियम मीच लिहिलेत. न खंगाळता भरा, कप्तान."

त्याने भरला. कुरकुरत, पण भरला.

धक्क्यावर गिल्दोची बायको उलट्या टोपलीवर बसून गिम निवडत होती. गावात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. ती सॉक्पो बेटावरून लग्न होऊन आली, म्हणून पंचवीस वर्षे सॉक्पोवालीच होती. यॉन्सुकने तिच्यासमोर रिकामा सहावा डबा ठेवला. सहाव्या ठिकाणचे पाणी आज तिने आपल्या दुसऱ्या बाटलीत घेतले होते.

"मावशी, हे डबे तुम्ही धुता?"

"मग कोण धुणार? हा?" तिने नवऱ्याकडे हनुवटी उडवली. "ह्याला स्वतःचे पाय धुवायला सांगावं लागतं."

"कशानं धुता?"

"अ‍ॅसिडनं," सॉक्पोवाली म्हणाली. तिच्या आवाजात लपवण्यासारखे काहीच नव्हते. उलट थोडा अभिमानच होता. "तुमच्या त्या पाण्यानं आत तपकिरी वळ पडतो. घासून जात नाही. पेलाभर अ‍ॅसिड घालायचं, गरगर फिरवायचं, परत कॅनमध्ये ओतायचं, झाकण घट्ट लावायचं. बघा कसा लख्ख आहे. जाळी त्यानं साफ होतात, बोटीचा तळ त्यानं साफ होतो, डब्याचं काय एवढं?"

"गप्प बस!" गिल्दो बोटीवरून ओरडला.

"का गप्प बसू? चोरून दारू प्यायलेय का मी?"

"नंतर पाण्यानं विसळत नाही?" यॉन्सुकने विचारले.

"कुठल्या पाण्यानं? धरणाचा तळ ऑक्टोबरातच दिसला. नळाला आठवड्यातून दोन दिवस पाणी, त्यात दोन म्हातारी माणसं घरात. तुमच्या डब्यांना घालू आणि त्यांना तहानलेलं ठेवू?"

"धक्क्याचं पाणी?"

सॉक्पोवालीने तिच्याकडे पाहिले, जसे शाळेत पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडे पाहावे. "धक्क्याचं पाणी लावायचं नाही असं तुमच्याच कागदात लिहिलंय. ह्यानं वाचून दाखवला मला. सातवा. 'डबे आतून स्वच्छ आणि कोरडे ठेवावेत. बंदराचं पाणी आत जाऊ देऊ नये.' म्हणून तर इतकी काळजी घेते."

नियम शब्दशः बरोबर होता. यॉन्सुकने तो दोन वर्षांपूर्वी, नळाला रोज पाणी असताना, केंद्रातल्या खुर्चीत बसून लिहिला होता.

गिल्दो धक्क्यावर उतरला. तो तिच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला.

"हे लिहिणार तुम्ही?"

"हो."

"म्हणजे फान्सु सुटणार, आणि तपासनीस माझ्या दारात."

"तुमच्या घरात अ‍ॅसिड आहे, कप्तान."

"सगळ्यांच्या घरात आहे!"

"असेल. सगळ्यांच्या घरातले डबे मी मोजलेले नाहीत."

"तीन वर्षं! बर्फ पडत असताना बोटं गोठवून तुमचं पाणी आणलं. शिंपले खाल्ले तुमच्यासाठी. आणि तुम्ही माझ्या बायकोच्या तोंडून काढून घेता?" त्याने जाळीतले भरलेले डबे उचलून तिच्या पायाशी ठेवले, एकेक, दणकन. "हे शेवटचे. इथून पुढं ओंजळीनं आणा."

सॉक्पोवालीने निवडलेली पात टोपलीत टाकली आणि पुन्हा मान वर केली नाही.

मोजणी संध्याकाळपर्यंत झाली. चौथ्या ठिकाणी तिने स्वतःच्या बाटलीत घेतलेल्या पाण्याचा सुळका ४४० ला होता, सामू ८.१. त्याच क्षणी, हातभर अंतरावर, गिल्दोच्या डब्यात भरलेल्या पाण्याचा ४१५ ला, सामू १.९. आजवर कधीही न बिघडलेल्या पाचव्या ठिकाणचे पाणी न खंगाळलेल्या डब्यात भरल्याबरोबर ४१५ ला गेले होते, सामू १.७. पहिले तीन डबे तीनदा खंगाळलेले होते आणि निर्दोष होते. सहाव्या ठिकाणचे पाणी तिच्या बाटलीत होते, तेही निर्दोष होते. तिने पाचव्या डब्याची चकती दुसऱ्यांदा मोजली, कारण निकाल तिला हवा तसा आला होता, आणि हवा तसा निकाल ती नेहमी दोनदा मोजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यॉन यांनी मसुदा उभ्याउभ्याच वाचला.

"सातवा नियम कशाला हवा यात? न खंगाळणं आणि ते अ‍ॅसिड, एवढं पुरेसं आहे. आपण आपलंच नाव कशाला बुडवायचं?"

"अ‍ॅसिड डब्यात का राहिलं ते सातव्या नियमाशिवाय कळत नाही."

"कोणाला कळायला हवंय?"

"मला, सर. आणि पुढच्या वर्षी या खोलीत जो बसेल त्याला."

त्यांनी कागद टेबलावर टाकला. "तुमचा हट्ट आहे. तुमचीच सही. माझी नाही."

दुपारी फान्सु आला. या वेळी रिकाम्या हातांनी. कोणीतरी त्याला बातमी दिली होती. बहुधा त्याच्या बायकोने, आणि तिला तिच्या वहिनीने. तो दारातच उभा राहिला.

"म्हणजे मेव्हण्याच्या घरचं अ‍ॅसिड. मी म्हणत नव्हतो?"

"तुम्ही म्हणत होतात की त्यांनी मुद्दाम टाकलं. मुद्दाम टाकलेलं नाही."

"आणि माझ्याच जागी का निघालं मग?"

"कारण तुमच्याच जागी त्यांना डबा खंगाळायला वेळ मिळत नव्हता. बाकी पाच ठिकाणी कोणी शिंपले मारत नाही."

फान्सुला ते समजायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा लाल झाला. "म्हणजे माझा परवाना माझ्याच शिंपल्यांनी जाणार होता?"

"तुमचे शिंपले, त्यांचं अ‍ॅसिड, माझा नियम. तिघांपैकी एक जरी नसतं, तरी हे घडलं नसतं."

"तुमच्या पंगतीत मला बसवू नका." तो दोन पावले आत आला. तिच्या मनगटावरच्या पट्टीकडे त्याची नजर गेली आणि तिथून हलली. "पण मी स्वच्छ आहे, असं तरी लिहिलंत ना?"

"नाही."

"नाही?"

"त्या अकरा आकड्यांवरून तुमच्या पाण्यात अ‍ॅसिड होतं की नव्हतं, हे कळत नाही. तेवढंच लिहिलंय. माझ्या एका बाटलीत एका सकाळी ते नव्हतं, हेही लिहिलंय. स्वच्छ असल्याचा दाखला हवा असेल तर मला वर्षभर पाणी आणू द्यावं लागेल. शिंपल्यांशिवाय."

फान्सु दाराकडे वळला. पश्चिमेच्या गावाचा परवाना आता या कारणासाठी कोणी रोखू शकणार नव्हते, हे त्याला कळले होते. आणि त्याबद्दल या बाईचे आभार मानायचे नाहीत, हेही त्याने ठरवले होते.

"पूर्वेचं गाव तुम्हाला आता बोट देणार नाही," तो म्हणाला. "आणि आमचंही नाही."

तो गेला. यॉन्सुकने मसुद्यातला एक शब्द दुरुस्त केला, 'बहुधा' हा शब्द खोडला, आणि खाली सही केली. त्या पानावर एवढेच होते:

'चौथ्या ठिकाणच्या अकरा नमुन्यांतील शोषणाचे आकडे समुद्राचे नाहीत. ते रद्द करावेत. या केंद्राच्या सातव्या नियमाने डब्यांना बंदराचे पाणी लावण्यास मनाई केली होती आणि बेटावर गोडे पाणी नव्हते. त्यामुळे नमुने आणणाऱ्या कप्तानाच्या घरी सर्व डबे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन न विसळता ठेवले जात, व प्रत्येकाच्या तळाशी थोडे आम्ल राही. पाच ठिकाणी ते तीनदा खंगाळण्यात निघून जाई. चौथ्या ठिकाणी बोटीवर शिंपले फेकले जात असल्याने डबा न खंगाळता भरला जाई, आणि प्लवकांतील हरितद्रव्य डब्यातच नष्ट होई. ज्या तीन दिवशी शिंपले फेकले गेले नाहीत, त्या तीन दिवशी ते नष्ट झाले नाही. सातवा नियम मी लिहिला होता. डब्यातील पाण्याचा सामू मी २९ जानेवारीपर्यंत मोजला नव्हता.'